व्यंगपटांचीं मूळ रेखाटनें

न्यूयॉर्क शहरांतील मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाच्या दप्तरांत १९३९ सालीं दोन गिधाडांची नोंद झाली. ज्या वास्तूंत इजिप्तच्या पुरातन मूर्ति आणि रेम्ब्रांटचीं तैलचित्रें जपून ठेविलेलीं आहेत, तेथें आलेलीं हीं गिधाडें कोणा प्राचीन शिल्पकारानें घडविलेलीं नव्हतीं. 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' या डिस्ने कंपनीच्या व्यंगपटांत दुष्ट राणीचा पाठलाग होतो आणि अखेर ती कड्यावरून खोल दरींत कोसळते. त्या प्रसंगीं झाडाच्या वठलेल्या फांदीवर बसून आशाळभूतपणें तिच्याकडे पाहणारीं जीं दोन गिधाडें प्रेक्षकांस दिसतात, त्यांचें हें चित्र. व्यंगपट प्रथम दाखविला गेला तो १९३७ च्या डिसेंबरांत. म्हणजे पुरतीं दोन वर्षें लोटण्यापूर्वींच त्यांतील एका क्षणाला संग्रहालयांत जागा मिळाली.

बातमी गमतीची खरी. परंतु तिच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला होता आणि तो अजूनहि पुरता सुटलेला नाहीं. संग्रहालयानें घेतलें तें नेमकें काय? व्यंगपट घेतला म्हणावें, तर तो फिल्मवर असतो आणि त्याच्या कितीतरी प्रती गांवोगांवच्या चित्रगृहांतून फिरत होत्या. वॉल्ट डिस्नेच्या हातचें चित्र घेतलें म्हणावें, तर डिस्नेनें त्यापूर्वीं कित्येक वर्षें पडद्यासाठीं स्वतः चित्रें काढण्याचें सोडून दिलें होतें. संग्रहालयांत गेलें तें पारदर्शक सेल्युलॉइडचें, एका बाजूनें शाईनें रेखलेलें आणि दुसऱ्या बाजूनें रंगविलेलें एक पातळ पान. तें कोणी काढलें, कशासाठीं काढलें, आणि भिंतीवर टांगावें असें त्यांत काय आहे, हें कळण्यास व्यंगपट कसा तयार होतो तें थोडें बारकाईनें पाहिलें पाहिजे.

फिल्म दर सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगानें धांवते. सात मिनिटांच्या छोट्या व्यंगपटांत १०,०८० चौकटी होतात. बहुधा एक रेखाटन लागोपाठ दोन चौकटींसाठीं वापरतात. त्या मानानें एका पात्राला ५,०४० रेखाटनें पुरतील असें धरलें, तरी पडद्यावर मांजर आणि उंदीर दोघेहि असले कीं हिशेब दुप्पट झाला. 'स्नो व्हाइट' ८३ मिनिटांचा आहे आणि त्यांत बुटके सात आहेत. त्याचा हिशेब ज्यानें त्यानें घरीं करून पाहावा.

एवढें काम एका माणसाच्या हातून होणें नाहीं. म्हणून १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील स्टुडिओंतून कामाची वांटणी पक्की होऊन गेली. कथा ठरली कीं ती लहान लहान चित्रांनीं भिंतीवर मांडावयाची. मग प्रत्येक प्रसंगाचा आराखडा करावयाचा : पात्र कोठें उभें राहील, कॅमेरा कोठून पाहील. त्यानंतर मुख्य चित्रकार, ज्याला अॅनिमेटर म्हणतात, तो हालचालींतील मोक्याचीं रेखाटनें काढतो. समजा, मारण्यासाठीं वर गेलेला हात आणि खालीं आलेला हात. या दोहोंच्या मधलीं रेखाटनें त्याचे मदतनीस भरतात. आणखी कोणी तरी त्या ओबडधोबड रेघा गिरवून स्वच्छ करतो. तें स्वच्छ रेखाटन सेल्युलॉइडच्या पानाखालीं ठेवून शाईनें उतरून घेतात, उलट्या बाजूनें रंग भरतात. हें पान, ज्याला धंद्यांत नुसतें 'सेल' म्हणतात, स्वतंत्रपणें रंगविलेल्या पार्श्वचित्रावर ठेवतात, वरून कांच दाबतात आणि कॅमेऱ्यानें त्याची एक किंवा दोन चौकटी घेतात. कॅमेऱ्याखालून निघाला कीं त्या सेलचें आयुष्य संपलें.

सेल्युलॉइडची युक्ति निघण्यापूर्वीं हें काम किती कष्टाचें होतें, याची साक्ष विन्सर मॅके यानें १९१४ सालीं केलेला 'गर्टी द डायनोसॉर' देतो. गर्टी ही एक लाडावलेली, हट्टी डायनोसॉरीण. मॅके स्वतः रंगमंचावर हातांत चाबूक घेऊन उभा राही आणि पडद्यावरच्या गर्टीला हुकूम सोडी. ती कधीं ऐके, कधीं दुर्लक्ष करी आणि रागावलें कीं लहान मुलीसारखी रडत बसे. या करमणुकीसाठीं मॅकेनें पातळ कागदावर हजारों रेखाटनें केलीं. आणि प्रत्येक कागदावर गर्टीबरोबर मागचे खडक, तळें आणि झाड हींहि पुन्हां काढावीं लागलीं. तें मागचें दृश्य गिरविण्यासाठीं त्यानें जॉन फिट्झसिमन्स नांवाच्या एका तरुणाला हाताशीं घेतलें होतें. एकच खडक हजारों वेळां हातानें गिरविल्यामुळें पडद्यावर त्याच्या रेघा सारख्या थरथरतांना दिसतात. त्या हजारों कागदांपैकीं कांहीं शेंच आज शिल्लक आहेत.

गर्टीच्याच सालीं, वर्षाच्या अखेरीस, अर्ल हर्ड यानें सेल्युलॉइडच्या पानांची रीत पेटंटसाठीं मांडली, आणि खडक एकदांच काढावा, वर फक्त प्राणी बदलीत जावें, अशी सोय झाली. सोय मोठीच झाली. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. गर्टीचा कागद हें एक सबंध चित्र होतें आणि त्यावर मॅकेचा हक्क सांगण्यास कोणाची हरकत नव्हती. पुढें चित्राचे थर झाले आणि प्रत्येक थराला वेगळा धनी आला. संग्रहालयाची अडचण येथूनच सुरू होते.

या सगळ्या थरांत ज्याला खरें मूळ म्हणतां येईल असा एक आहे, आणि तो सर्वांत कमी देखणा आहे : अॅनिमेटरचा पेन्सिलीचा कागद. असा एखादा कागद हातीं घेतला तर प्रथम दिसतात तीं कडेला पाडलेलीं भोंकें. टेबलावरील खुंट्यांत तीं बसविलीं म्हणजे एकावर एक ठेवलेले शंभर कागदहि केंसभर हलत नाहींत. कोपऱ्यांत आंकडा असतो, कारण हा कागद एकटा नाहीं, रांगेंतला आहे. कांहीं कागदांच्या कडेला एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा दिसतात. जणूं मोजपट्टी कोणी घाईनें आंखली आहे आणि खुणांचीं अंतरें चुकलीं आहेत. अंतरें चुकलेलीं नसतात. मधलीं रेखाटनें कोठें दाट यावीं आणि कोठें विरळ, याचा तो मदतनिसाला दिलेला हुकूम असतो. खुणा दाट, तेथें हात हळूं चालेल. विरळ, तेथें झपाट्यानें. पात्राचा स्वभाव या खुणांत असतो. एकच हात, एकच वरची आणि खालची जागा. परंतु खुणा बदलल्या कीं तोच हात म्हाताऱ्याचा होतो किंवा पैलवानाचा होतो.

मग चित्र. निळ्या किंवा तांबड्या पेन्सिलीनें आधीं गोल, लंबगोल आणि कण्याची एक वांकडी रेघ घातलेली असते. तिच्यावर काळ्या रेघांनीं आकृति शोधलेली असते. शोधलेली हाच शब्द योग्य, कारण एका गालासाठीं चार रेघा सांपडतात आणि त्यांतली कोणती खरी हें पुढच्या माणसानें ठरवावयाचें असतें. शाळेंत मुलांची पक्की वही सुवाच्य असते, परंतु मुलाला गणित समजलें कीं नाहीं हें कच्च्या वहींतच कळतें. अॅनिमेटरचा कागद ही कच्ची वही आहे. सेलवरचा मिकी माउस घोटीव आणि गुळगुळीत असतो. कागदावरचा अजून विचार करीत असतो.

आणि कांहीं कागद असे असतात कीं ते पाहून नवख्याला वाटावें, चित्रकाराचें डोकें ठिकाणावर नसावें. चक जोन्स यानें वॉर्नर ब्रदर्ससाठीं १९४२ सालीं केलेला 'द डोव्हर बॉइज' हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्यांतील पात्रें एका ढबींतून दुसऱ्या ढबींत विजेसारखीं जातात, आणि मधल्या क्षणाच्या रेखाटनांत माणूस ताणलेल्या रबरासारखा खोलीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत लांबलेला असतो. तोंड एकीकडे, पाय दुसरीकडे. पडद्यावर हें कोणालाहि 'दिसत' नाहीं. डोळ्याला केवळ वेग जाणवतो. म्हणजे चित्रकारानें मन लावून असें चित्र काढलें कीं जें कोणी पाहूं नये, फक्त अनुभवावें. तें चौकटींत घालून भिंतीवर लावलें कीं जें लपवावयाचें तेंच उघडें पडतें. हें चूक आहे असें कांहीं जाणकारांस वाटतें. त्यांचें म्हणणें सहज सोडून देण्यासारखें नाहीं. तथापि जादूगाराची पेटी आंतून पाहिल्यानें जादूची गोडी कमी होते हें मात्र खरें नव्हे. निदान चित्रकलेंत तरी नव्हे.

ही रीत मुंबईलाहि येऊन पोंचली, तिचा येथें ओझरता उल्लेख केला पाहिजे. 'बॅम्बी' आणि 'पीटर पॅन' या पटांवर डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स हे १९५६ सालीं फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईंतील व्यंगपट शाखेंत तरुणांना शिकविण्यासाठीं आले, आणि त्यांच्या हाताखालीं 'द बनियन डियर' हा जातककथेवरील लघुपट १९५७ सालीं तयार झाला. पुढें भारतीय व्यंगपटांचे अध्वर्यु म्हणून नांवाजलेले राम मोहन हे त्याच वर्गांतले. भोंकांचे कागद, खुंट्या, कडेच्या खुणा, हें सारें त्यांनीं तेथें हातानें गिरविलें.

आतां सेलकडे वळूं. डिस्नेच्या स्टुडिओंत शाई आणि रंग यांचा एक स्वतंत्र विभाग होता आणि तेथें जवळ जवळ सगळ्या स्त्रियाच काम करीत. पेन्सिलीची रेघ मऊ असते, तिला चूक खपते. सेल्युलॉइड निसरडें, त्यावर बोरूसारख्या बारीक टांकानें, हात न थांबवितां, गालाजवळ जाड आणि हनुवटीपाशीं बारीक होत जाणारी रेघ ओढावयाची, तीहि मूळच्या पेन्सिलीचा जीव न घालवितां. अक्षर घोटणाऱ्यालाच या कामाची कल्पना येईल. ओढणाऱ्या बाईचा हात दिवसांतून शेंकडों वेळां हेंच करी. हातांत पांढरे सुती मोजे असत, कारण बोटाचा ठसा उमटला तर पडद्यावर तो हत्तीएवढा दिसेल.

या स्त्रियांना वरच्या जागा मिळत असत काय? १९३८ सालीं अॅनिमेशन शिकण्याची इच्छा दर्शविणाऱ्या एका तरुणीला डिस्ने कंपनीकडून उत्तर गेलें कीं, पडद्यासाठीं चित्रें तयार करण्याचें सर्जनशील काम तरुण पुरुषच करतात. स्त्रियांसाठीं काम आहे तें शाई आणि रंगाचें. तें पत्र आज प्रसिद्ध आहे. 'स्नो व्हाइट'च्या आरंभीं नामावळी झळकते, तींत या विभागांतल्या बायकांचीं नांवें नाहींत. आणि नियतीची गंमत अशी कीं, संग्रहालयांत जेव्हां व्यंगपट प्रथम शिरला, तेव्हां तो अॅनिमेटरच्या कागदाच्या रूपानें शिरला नाहीं, त्यांच्याच हातच्या पानाच्या रूपानें शिरला. खालच्या पाटीवर नांव मात्र डिस्नेचें.

तीं पानें बाजारांत आलीं कशीं, हाहि एक उद्योगच आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोंतील गथ्री कुर्व्हॉइझियर नांवाच्या चित्रविक्रेत्यानें १९३८ सालीं डिस्नेशीं करार केला आणि 'स्नो व्हाइट'चे सेल तो रीतसर कलावस्तु म्हणून विकूं लागला. कांहीं डॉलरांपासून किंमती होत्या. परंतु चित्रपटांत एका पार्श्वचित्रावर शेंकडों सेल बसतात. तेव्हां प्रत्येक गिऱ्हाइकाला मूळचें पार्श्वचित्र कोठून द्यावें? म्हणून आकृति कडेकडेनें कापून काढीत आणि ती नव्याच पाठीवर चिकटवीत : लांकडाच्या पातळ पत्र्यावर, चांदण्यांच्या कागदावर, फवाऱ्यानें रंगविलेल्या धुक्यावर. हीं नवीं पाठचित्रें करणारा गट कांहीं काळ स्टुडिओंतच हेलन नर्बोव्हिग या बाईंच्या देखरेखीखालीं काम करीत होता. हें सगळें सुंदर दिसे, यांत शंका नाहीं. तरी कोणत्याहि प्रेक्षकानें पडद्यावर तो बुटका त्या चांदण्यांपुढें उभा पाहिलेला नव्हता. आज अशा चौकटींना मूळ कृति म्हणून मोठा मान आहे. आणि एका अर्थानें त्या मूळ आहेतहि, फक्त व्यंगपटाच्या नव्हेत, त्या दुकानाच्या.

एवढा अपवाद सोडला तर दुसरीकडे नासधूसच चालली होती. सेल्युलॉइड महाग; म्हणून चित्रण झालें कीं सेल धुऊन पुन्हां वापरावयाचे, ही बहुतेक स्टुडिओंची वहिवाट होती. पाटी पुसावी तसें पुसलें. १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें, तेथील एका दुकानांत खऱ्या चित्रपटांतले सेल सहलीची आठवण म्हणून थोडक्या डॉलरांना मिळत. मुलांनीं ते घरीं नेले, भिंतीला टांचले, आणि पुष्कळांचे पुढें काय झालें तें सांगावयास नको. त्याच जातीच्या एका पानासाठीं, १९३४ च्या 'ऑर्फन्स बेनिफिट' या काळ्या-पांढऱ्या मिकीपटांतील सेल आणि पार्श्वचित्रासाठीं, १९८९ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत २ लक्ष ८६ हजार डॉलर मोजले गेले. ही रक्कम ऐकून ज्यांच्या घरीं कधीं काळीं असें पान होतें, त्यांनीं माळे धुंडाळले असतील.

कागदांचें नशीब त्या मानानें बरें. पेन्सिलीचें रेखाटन धुऊन पुन्हां वापरतां येत नाहीं, शिवाय पुढच्या पटाच्या वेळीं जुनी चाल पाहण्यासाठीं तें उपयोगी पडे. म्हणून डिस्ने कंपनीनें तळघरांत त्यांचे गठ्ठे ठेवून दिले. कामगार त्या जागेला 'मॉर्ग', म्हणजे शवागार, म्हणत. तेंच शवागार आज संशोधन-ग्रंथालय झालें आहे आणि तेथें सुमारें साडेसहा कोटि चित्रें आणि कागद आहेत असें सांगतात.

कलावस्तु म्हणून मिळालेला मानहि कधीं कधीं पुरेसा पडत नाहीं, याची एक गोष्ट जपानांत घडली. 'स्लीपिंग ब्यूटी' हा पट तेथें लागला त्या वेळीं, १९६० सालीं, डिस्ने कंपनीनें मूळ चित्रांचें एक फिरतें प्रदर्शन पाठविलें आणि नंतर तीं चित्रें टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाला देऊन टाकलीं. संग्रहालयाला तीं आपल्या कक्षेंतलीं वाटलीं नसावींत. तेथून तीं शिक्षणाला उपयोगी म्हणून चिबा विद्यापीठाकडे गेलीं आणि तेथें एका कोठडींत चाळीसांहून अधिक वर्षें पडून राहिलीं. सांपडलीं तेव्हां अडीचशेच्या घरांत होतीं. त्यांत १९३२ च्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'चींहि चित्रें होतीं, आणि हा तर तीन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीनें काढलेला पहिला व्यंगपट. २००६ सालीं टोकियोंत त्यांचें मोठें प्रदर्शन झालें आणि पुढें विद्यापीठानें चित्रें मूळ धन्याकडे परत केलीं. विद्यापीठाचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. पार्श्वचित्रावांचून सेल, रांगेवांचून रेखाटन आणि चित्रपटावांचून दोन्हीहि, असा गठ्ठा समोर आला तर तो कोणत्या कपाटांत ठेवावा हें भल्याभल्यांना उमगत नाहीं.

संग्रहालयांना हें हळूहळू उमगत गेलें. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९४२ सालीं 'बॅम्बी' कसा घडला हें चित्रांसह दाखविलें होतें. १९८१ सालीं तेथीलच व्हिटनी संग्रहालयानें डिस्नेच्या चित्रकारांचें प्रदर्शन भरविलें, आणि त्यांत एकेका अॅनिमेटरला नांवानें पुढें आणलें. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगपटांना असाच मान १९८५ सालीं मिळाला. पॅरिसच्या ग्रां पालेमध्यें २००६ सालीं डिस्नेच्या चित्रांशेजारीं युरोपांतील जुन्या चित्रकारांच्या कृति टांगल्या गेल्या, आणि २०२१ च्या अखेरीस ज्या मेट्रोपोलिटननें गिधाडें घेतलीं होतीं, तिनेंच फ्रेंच फर्निचर आणि चिनी मातीचीं भांडीं यांच्या जोडीला 'ब्यूटी अँड द बीस्ट'चीं रेखाटनें मांडलीं. बोलणारें घड्याळ आणि नाचणारी किटली कोठून आली हें तेथें डोळ्यांना दिसलें.

अशा शेजाराचा उपयोग आहे, पण त्यांत एक धोकाहि आहे. थोरामोठ्यांच्या पंगतीला बसविल्यानें पाहुणा थोर ठरत नाहीं. तो काय जेवतो आणि कसा बोलतो तें पाहावें लागतें. व्यंगपटाचें रेखाटन डोरेच्या चित्राजवळ लावून त्याला प्रतिष्ठा उसनी देतां येईल. त्याचा स्वतःचा गुण मात्र त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांत आहे. या दृष्टीनें टोकियोंत २००८ सालीं झालेलें स्टुडिओ जिब्लीच्या आराखड्यांचें प्रदर्शन अधिक प्रामाणिक म्हटलें पाहिजे. तेथें सुमारें तेराशें आराखडे मांडले होते. रंग नाहीं, सोनेरी चौकट नाहीं. पिवळट कागदावर पेन्सिलीनें काढलेला रस्ता, त्यावर कॅमेरा कोणत्या वेगानें सरकेल याचे बाण, समासांत हायाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सूचना. प्रेक्षक एका चित्रापुढें थांबत नाहीं, चालत जातो आणि चालतां चालतां चित्रपट त्याच्या डोक्यांत जुळूं लागतो. पुढें तेंच प्रदर्शन हाँगकाँगला आणि पॅरिसलाहि गेलें.

टिकाऊपणाच्या दृष्टीनेंहि कागदाचाच पक्ष बळकट ठरला आहे. जुने सेल नायट्रेट जातीच्या सेल्युलॉइडचे, नंतरचे अॅसिटेटचे. नायट्रेट पिवळें पडतें, ठिसूळ होतें आणि आग लवकर धरतें. अॅसिटेट कुजूं लागलें कीं त्याला शिरक्याचा आंबट वास येतो आणि पान आकसून सुरकुततें. पान आकसतें, त्यावरचा रंग आकसत नाहीं. मग रंगाचे पोपडे सुटतात. लॉस एंजेलिसची गेटी संस्था आणि डिस्नेचें ग्रंथालय यांनीं मिळून यावर बरेंच संशोधन केलें आहे. डिस्नेच्या रंगांत गोंद असे. म्हणून हवेंतील दमटपणा बेतानें वाढविला तर सुटलेला रंग मऊ होऊन आपोआप पानाला पुन्हां धरतो, वेगळा चिकटा लावावा लागत नाहीं, असें त्यांना आढळून आलें. उपाय नाजूक आहे आणि प्रत्येक पानाची नाडी वेगळी पाहावी लागते. पेन्सिलीचा कागद मात्र मंद उजेडांत आणि कोरड्या हवेंत निवांत पडून राहतो. हजारोंनीं मोल आलेली रंगीत गोष्ट मरणाला टेंकलेली आणि ज्याला कोणी विचारलें नाहीं तो मळका कागद धडधाकट, असा हा प्रकार आहे.

रेघ ओढणाऱ्या बायकांचें काम त्यापूर्वींच संपत आलें होतें. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'साठीं डिस्नेनें झेरॉक्सच्या यंत्रानें पेन्सिलीची रेघ सरळ सेलवर उतरविली; शंभर कुत्र्यांच्या अंगावरचे ठिपके हातानें गिरवावयाचे म्हटले असते तर तो पट निघालाच नसता. या फेरबदलामुळें अॅनिमेटरची खरखरीत रेघ प्रथमच जशीच्या तशी पडद्यावर आली, आणि कांहींना ती आवडली, कांहींना नाहीं. ज्यांना 'स्नो व्हाइट'ची केंसासारखी रंगीत रेघ प्रिय आहे, त्यांना ती अजूनहि आवडत नाहीं, आणि त्यांची बाजू घेणें कठीण नाहीं : त्या जुन्या रेघेंत गालाची कड लालसर, केंसांची काळी आणि झग्याची झग्याच्याच रंगाची असे. यंत्राला तो विवेक नव्हता. रंग भरण्याचें काम मात्र हातानेंच चालू राहिलें. १९८९ चा 'द लिट्ल मर्मेड' हा डिस्नेचा रंगविलेल्या सेलवरचा अखेरचा मोठा पट. पुढच्याच वर्षीं 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'साठीं रंग संगणकानें भरले गेले. त्या पटाचीं पेन्सिलीचीं रेखाटनें आहेत, सेल मुळींच नाहींत. आणि विक्रेत्यांना विकावयास कांहीं तरी हवें, म्हणून जुन्या रीतीनें कांहीं सेल मागाहून मुद्दाम तयार करण्याचा धंदा मात्र चालू राहिला. मेट्रोपोलिटनच्या गिधाडांनीं निदान कॅमेरा पाहिला होता.

जपानांत ही रीत आणखी कांहीं वर्षें तग धरून होती. 'साझाए-सान' ही एका साध्या कुटुंबाची घरगुती मालिका तेथें १९६९ पासून दर रविवारीं संध्याकाळीं दाखविली जाते. आजूबाजूला सगळे संगणकाकडे वळले, तरी तिचे सेल हातानेंच रंगविले जात होते. २०१३ च्या सप्टेंबरांत तेंहि थांबलें.